बिंदू चौकातले मूक निदर्शन आणि त्यावरचा गुन्हा: बचावाचा प्रकरण अभ्यास

परदेशात चाललेल्या एका युद्धाविरुद्ध आणि तिकडे जाणाऱ्या भारतीय शस्त्रसामग्रीविरुद्ध कोल्हापुरातल्या 34 जणांनी बिंदू चौकात संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा मूक उभे राहायचे ठरवले. त्यांत शिक्षक, महाविद्यालयीन मुले, निवृत्त कामगार आणि काही गृहिणी होत्या. हातात फलक, तोंडाला काळी पट्टी. स्पीकर नाही, मंडप नाही, मोर्चा नाही. आठ दिवस आधी पोलीस ठाण्यात अर्ज दिला होता, त्याला उत्तर आले नाही. आदल्या रात्री संयोजकाच्या घरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची नोटीस पोहोचली: जिल्ह्यात मनाई आदेश लागू आहे, जमाव जमवल्यास कारवाई होईल. दुसऱ्या दिवशी लोक उभे राहिले आणि विसाव्या मिनिटाला पोलिसांनी त्यांना गाड्यांत बसवले. साडेआठला सगळ्यांना सोडले. रात्री दहाला 11 नावे आणि ‘इतर 15 ते 20 अनोळखी इसम’ असा गुन्हा दाखल झाला. लावलेली कलमे अशी: भारतीय न्याय संहितेची 189(2), 223 व 285, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे 37(1)(3) सह 135.

हा एका गुन्ह्याचा अहवाल नाही. अशा निदर्शनांनंतर कागदावर जे येते ते जोडून केलेला हा नमुना आहे, म्हणून व्यक्ती, तारीख आणि ठाणे यांची नावे घातलेली नाहीत. कायदा आणि निकाल मात्र खरे आहेत.

युद्धावर युक्तिवाद करायचा का?

आरोपींची पहिली इच्छा हीच असते की कोर्टात युद्धाबद्दल बोलायला मिळावे. त्यामागची तळमळ खरी आहे, पण बचावाची पहिली फळी म्हणून ते कामाचे नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये युद्धविरोधी आंदोलकांनी न्यूरेंबर्ग तत्त्वांचा (सरकारचा आदेश असला तरी युद्धगुन्ह्याची जबाबदारी व्यक्तीवर राहते) आधार घेतला आहे, तसेच ‘मोठी हानी टाळण्यासाठी लहान नियमभंग केला’ असाही बचाव घेतला आहे. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या रेथिऑन या शस्त्रनिर्मात्या कंपनीच्या कार्यालयात 2006 साली घुसून संगणक फोडणाऱ्या सहा जणांना 2008 साली बेलफास्टच्या ज्युरीने नुकसानीच्या आरोपातून मुक्त केले. आपल्याकडे ज्युरी नाही. न्याय संहितेचे कलम 19 त्या बचावाच्या जवळ जाते, पण ते घेतले की आधी नियमभंग झाला हे आपणच कबूल करतो. बिंदू चौकात उभ्या असलेल्या माणसाने मुळात काही मोडलेच नाही, ही भूमिका कितीतरी मजबूत आहे. ती सोडून माफीच्या कलमाकडे जायचे कारण नाही.

शिवाय परराष्ट्र धोरणावर निवाडा द्यायला आपली न्यायालये तयार नाहीत. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये फेटाळली. गाझातील युद्धाविरुद्ध आझाद मैदानात निदर्शनाला परवानगी मिळावी ही माकपची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये फेटाळली, तेव्हा आपल्या देशातले प्रश्न आधी बघा असेही सुनावले. तो शेरा न पटणारा आहे. नागरिकाने कोणत्या दुःखावर रस्त्यावर उभे राहावे हे न्यायालयाने ठरवायचे नसते. पण त्या प्रकरणात तांत्रिक अडचणही होती. पोलिसांकडे अर्ज एका संघटनेचा आणि उच्च न्यायालयात याचिका दुसऱ्या पक्षाची, यावर सरकारी पक्षाने बोट ठेवले. ज्याच्या नावाने पोच घेतली आहे, त्याच्याच नावाने याचिका जावी.

मग युद्धविरोध कोर्टात आणायचाच नाही का? आणायचा, पण संविधानाच्या दारातून. फिर्यादीत ‘परराष्ट्रांशी असलेल्या मैत्रीपूर्ण संबंधांना बाधा’ असे वाक्य हमखास येते. ‘परराष्ट्रांशी मैत्रीपूर्ण संबंध’ हे कारण अनुच्छेद 19(2) मध्ये आहे. ते 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले आणि ते भाषणस्वातंत्र्यापुरते आहे. शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या हक्कावरची बंधने अनुच्छेद 19(3) मध्ये आहेत आणि तिथे दोनच कारणे दिली आहेत: भारताची सार्वभौमता व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. परक्या सरकारला वाईट वाटेल म्हणून कोल्हापुरात जमाव बेकायदा ठरत नाही. याच्या जोडीला अनुच्छेद 51 ठेवावा. आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षिततेला चालना देणे हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याने हक्क मिळत नाही, पण शांततेची मागणी देशविरोधी आहे असे म्हणणाऱ्या फिर्यादीला ते थेट उत्तर आहे. लेखी युक्तिवादात हे दोन परिच्छेद पुरेत. बाकी सगळी लढाई कागदांवर होते.

मनाई आदेश हातात घेऊन वाचा

खटल्याचा पाया हा आदेश आहे आणि बहुतेक वेळा बचावाच्या फाइलमध्ये तोच नसतो. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे कलम 37 चा आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अधिकारात निघतो. त्याची पूर्ण प्रत मिळवावी. बातमीतला सारांश चालत नाही. प्रत मिळाली की सही कोणाची आणि कोणत्या अधिकाराने, मुदत कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कारणे या जिल्ह्याची आहेत की मागच्या आदेशातून उतरवलेली, आणि ‘परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांना लागू नाही’ असे वाक्य आहे का, हे बघावे.

37(1) आणि 37(3) एका दमात लिहिले जातात, पण ती दोन वेगळी पोटकलमे आहेत. 37(1) शस्त्रे, काठ्या, दगड, प्रतिमांचे प्रदर्शन, घोषणा, फलक यांबद्दल आहे. फलकांवर बंदी घालायची तर ते सभ्यतेला वा नीतिमत्तेला बाधक किंवा राज्याच्या सुरक्षिततेला धोका आणणारे असावे लागतात. ‘युद्ध थांबवा’ हा फलक यात कुठे बसतो हे फिर्यादी पक्षाला विचारायचे. जमाव आणि मिरवणुकीवरची बंदी 37(3) मध्ये आहे. ती सार्वजनिक सुव्यवस्थेसाठीच घालता येते आणि राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपुढे टिकत नाही.

इथेच मोठी फट आहे. एक आदेश संपतो, दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा निघतो, आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांनी वर्ष भरते. माहिती अधिकारात मागच्या 12 महिन्यांतले कलम 37 चे सगळे आदेश मागवावेत आणि सोबत शासनाच्या मंजुरीची पत्रेही मागवावीत. आदेश सलग निघाले असतील आणि मंजुरी नसेल, तर 15 दिवसांची मर्यादा मागच्या दाराने ओलांडली, असा मुद्दा उभा राहतो. माहितीला 30 दिवस लागू शकतात, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात जावा.

या मुद्द्याला महाराष्ट्रातला सर्वांत उपयोगी आधार म्हणजे माजलगाव निकाल. बीड जिल्ह्यात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध बेमुदत धरणे धरण्याला परवानगी नाकारली होती. फेब्रुवारी 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कलम 37 खालचा आदेश आणि त्यावर बेतलेला पोलिसांचा नकार रद्द केला. एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे खंडपीठाने स्पष्ट म्हटले. त्यासोबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जोडावेत. हिम्मतलाल शाह प्रकरणानुसार रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येते, सरसकट बंदी घालता येत नाही. अनुराधा भसीन (2020) प्रकरणानुसार मनाई आदेश सकारण आणि प्रसिद्ध केलेला असावा, आणि न्याय्य मतप्रदर्शन दडपण्यासाठी तो वापरता येत नाही. सरकारी वकील शाहीनबागेचा अमित साहनी निकाल दाखवतील. तो सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवण्याबद्दल आहे. आपला कार्यक्रम एका तासाचा, पदपथावरचा होता, हे अर्जातच लिहिलेले असेल तर उत्तर तयार असते.

चार कलमे, चार वेगळी उत्तरे

कलम 223 म्हणजे लोकसेवकाच्या आदेशाचा भंग. यात नुसता भंग पुरत नाही. आदेश माहीत असणे आणि भंगामुळे अडथळा, त्रास किंवा धोका निर्माण होणे किंवा होण्याचा संभव असणे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 215 नुसार या गुन्ह्याची दखल न्यायालय पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून घेऊ शकत नाही. आदेश काढणाऱ्या लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. सर्वोच्च न्यायालयाने सी. मुनियप्पन (2010) प्रकरणात ही अट बंधनकारक ठरवली आहे. नव्या संहितेने एक दार वाढवले आहे: संबंधित लोकसेवकाने प्राधिकृत केलेला दुसरा लोकसेवकही तक्रार करू शकतो. म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 195 चे निकाल तसेच्या तसे वाचून थांबू नये. प्राधिकारपत्र आहे का, ते कोणत्या तारखेचे आहे आणि दखल घेण्याआधीचे आहे का, हे विचारावे.

189 वर सगळ्यांत कमी बोलले जाते आणि सगळ्यांत जास्त सुटका तिथेच आहे. पाच माणसे जमली एवढ्याने जमाव बेकायदा होत नाही. पाच ठरलेल्या उद्देशांपैकी एक समान उद्देश असावा लागतो. त्यांतले बहुतेक बळाच्या वापराशी जोडलेले आहेत. मूक उभे राहण्यात बळ कुठून येणार? मग फिर्यादी पक्ष ‘किंवा अन्य अपराध’ या शब्दांवर येतो: 37(3) मोडणे हाच अन्य अपराध. त्यावर न्याय संहितेचे कलम 2(24) उघडावे. 189 पुरता स्थानिक कायद्याखालचा अपराध धरायचा असेल, तर त्याला सहा महिने किंवा अधिक कैदेची शिक्षा असावी लागते. 37(3) च्या भंगाला कलम 135 मध्ये फक्त दंड आहे. म्हणजे तो ‘अन्य अपराध’ ठरत नाही. कैद 37(1) च्या भंगाला आहे, आणि म्हणूनच ‘37(1)(3)’ असे एकत्र लिहिलेले आपण सोडवून घ्यायचे. आरोपीने 37(1) मधली नेमकी कोणती गोष्ट केली हे फिर्यादीत नसेल, तर तो धागा तुटतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने 2018 साली जीवनंदम प्रकरणात शांततामय निदर्शनांवरचे भारतीय दंड संहितेच्या 143 व 188 या जुन्या कलमांचे गुन्हे रद्द केले. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क वाचून दाखवण्यासारखा आहे.

285 हे कलम मात्र तथ्यांवर लढावे लागते, कारण त्याला 215 ची आडकाठी लागू नाही. रस्ता अडला की नाही, एवढाच प्रश्न. या नमुन्यात बचावाकडे एका मुलीने रस्त्याच्या पलीकडून घेतलेली 17 सेकंदांची चित्रफीत आहे. तीत फलक धरलेली रांग पदपथावर दिसते, समोरून केएमटीची बस वेग कमी न करता जाते, मागोमाग दोन रिक्षा. पाचव्या सेकंदाला एक हवालदार रांगेच्या पुढून चालत जातो, त्याच्या डाव्या हाताला दीड-दोन माणसे जातील एवढा पदपथ मोकळा आहे. दहा साक्षीदारांपेक्षा ही फीत जड आहे.

पण ती पुराव्यात यायला हवी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली भाग ‘अ’ आणि भाग ‘ब’ अशा दोन्ही भागांचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावे लागते. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली फीत दाबली जाते, मूळ फाइल राहत नाही, हॅश जुळत नाही. मूळ मोबाइल जपून ठेवावा, फाइल केबलने काढून घ्यावी, हॅश त्याच दिवशी काढून वहीत नोंदवावे. चौकातल्या सरकारी सीसीटीव्हीचे चित्रण ठराविक दिवसांनी पुसले जाते, म्हणून ते राखून ठेवण्याचा लेखी अर्ज दोन-तीन दिवसांत पोलीस अधीक्षकांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. नंतर चित्रण मिळाले नाही तरी ती पोच उलटतपासणीत बोलते. घटनास्थळ पंचनाम्यात पदपथाची रुंदी आणि जमावाची जागा मोजून लिहिली आहे का, तेही बघावे. बहुधा ‘चौकातील रहदारीस अडथळा’ एवढेच मोघम असते.

स्टेशन डायरीचा एक मुद्दा नेहमी सुटतो. निदर्शकांना ताब्यात घेताना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 68 आणि सोडताना 69 लिहिले जाते. 69 नुसार प्रसंग संपल्यावर सोडून देता येते, पण ते किरकोळ प्रकरणात. साडेआठला जे किरकोळ होते ते दहाला गुन्हा कसे झाले, याचे उत्तर तपासी अंमलदाराने साक्षीत द्यायचे आहे. डायरीची नोंद त्यासाठी मागवून घ्यावी.

त्या रात्री ठाण्यात

चारही कलमे जामीनपात्र आहेत. जामीन हा हक्क आहे आणि जातमुचलक्यावर सुटका मागावी. जामीनदार नाही म्हणून रात्र ठाण्यात काढायची वेळ येऊ नये. अटक झालीच तर कारणे लेखी आणि समजणाऱ्या भाषेत मिळायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये मिहीर शाह प्रकरणात ही अट सर्व गुन्ह्यांना लागू केली. सूर्यास्तानंतर स्त्रियांना अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ठाण्यात जाणाऱ्या वकिलाने कोऱ्या वकीलपत्रांचा गठ्ठा आणि ताब्यातल्या सगळ्यांची यादी सोबत न्यावी. यादी महत्त्वाची, कारण ‘इतर 15 ते 20 अनोळखी’ या ओळीत पुढे कोणाचेही नाव घुसवता येते. कोण त्या दिवशी होते आणि कोण नव्हते, हे त्याच रात्री लिहून ठेवलेले बरे. फलक जप्त केले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण झाले का, विचारावे. प्रत्येक फलकाचा फोटो आधीच काढलेला असावा, म्हणजे कोणी न धरलेला फलक पुढे मुद्देमालात निघणार नाही.

168 च्या नोटिशीला उत्तर द्यावे. अर्धे पान पुरते: अर्ज अमुक तारखेला दिला, पोच आहे, कार्यक्रम मूक आहे, जागा बदलून हवी असेल तर दसरा चौक चालेल. पर्यायी जागा सुचवणारे हे एक वाक्य पुढे न्यायालयात फार उपयोगी पडते, कारण हट्ट पोलिसांचा होता की आपला हे त्यावरून दिसते.

पोलीस त्याचसोबत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 ची चॅप्टर केस, म्हणजे शांतताभंग होऊ नये म्हणून केलेली प्रतिबंधक कारवाईही सुरू करतात. तहसीलदारांसमोर वर्षभराच्या शांततेचे बंधपत्र मागितले जाते आणि लोक सही करून मोकळे होतात. तसे करू नये. मधु लिमये (1970) प्रकरणानुसार आधी मिळालेल्या माहितीचा सारांश देणारा लेखी आदेश हवा, आणि चौकशी सुरू झाल्याशिवाय अंतरिम बंधपत्र मागता येत नाही.

एखाद्याच्या स्टेटसवरून कलम वाढले तर

आठवड्याने कोणीतरी तक्रार करतो की निदर्शकांपैकी एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसने भावना दुखावल्या, न्याय संहितेचे 196 (गटांत शत्रुत्व पसरवणे) लावा. इथे कोल्हापूर जिल्ह्यातलाच निकाल हाताशी आहे. हातकणंगले पोलिसांत एका प्राध्यापकावर स्टेटसवरून दाखल झालेला जुन्या 153-अ चा गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयाने नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2024 रोजी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने मोजायचा, दुबळ्या मनाच्या नव्हे, असे त्यात आहे. मार्च 2025 च्या इम्रान प्रतापगढी निकालाने आणखी एक पायरी दिली: तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अशा मतप्रदर्शनाच्या गुन्ह्यांत आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) खाली प्राथमिक चौकशी करणे योग्य. 196 ची दखल घ्यायला शासनाची मंजुरी लागते, तेही तपासावे.

कुठे जायचे, किती थांबायचे

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडे आहेत. निदर्शनाची परवानगी आदल्या दिवशी नाकारली तर पूर्वी मुंबई गाठेपर्यंत कार्यक्रमाची वेळ निघून जायची. आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या या बेंचपुढे त्याच सकाळी तातडीचा उल्लेख करता येतो. गुन्हा रद्द करण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 ची याचिकाही इथेच.

तरी लगेच याचिका करायचीच असे नाही. या नमुन्यात 223 आणि 189 कायद्याच्या मुद्द्यावर पडतात, 285 मात्र तथ्यांवर आहे. उच्च न्यायालय ते ‘साक्षीपुराव्याचा विषय’ म्हणून सोडू शकते, आणि असा अर्धवट आदेश खालच्या न्यायालयात अडचणीचा ठरतो. फिर्यादीतच रस्ता अडल्याचे ठोस काही लिहिले नसेल तर याचिका करावी. लिहिले असेल तर दोषारोपपत्राची वाट पाहून कसबा बावड्याच्या न्याय संकुलात कलम 274 खाली अर्ज द्यावा. आरोप निराधार असेल तर कारणे नोंदवून आरोपीला मुक्त करण्याची तरतूद नव्या संहितेत आहे आणि तिचा परिणाम दोषमुक्तीइतकाच (डिस्चार्ज, म्हणजे खटला न चालवता सुटका) आहे. खटला समन्स प्रकारचा असल्याने हीच योग्य पायरी. दोषारोपपत्राची तारीखही मोजावी: या शिक्षांना दखलीची मुदत कलम 514 प्रमाणे एक वर्ष आहे.

मधल्या काळात सगळ्यांत मोठा धोका सल्ल्याचा आहे. ‘कबूल करा, किरकोळ दंड भरा, विषय संपवा.’ लोकअदालतीच्या दिवशी हे हमखास ऐकू येते. दंड किरकोळ असला तरी ती शिक्षा आहे, आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती लिहावी लागते. निवृत्त माणसाला कदाचित फरक पडणार नाही, पण 20 वर्षांच्या मुलीला पडतो. म्हणून 11 जणांनी कबुली द्यायची नाही हे एकत्र बसून पहिल्याच आठवड्यात ठरवावे. एकाने कबुली दिली तरी ती इतरांविरुद्ध पुरावा होत नाही, पण न्यायालयातले वातावरण बदलते आणि धीर सुटतो.

आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय शासन वेळोवेळी काढते. जीवितहानी नसावी आणि नुकसान 5 लाखांपेक्षा जास्त नसावे अशी त्यात अट असते. हे प्रकरण त्यात सहज बसते. पण शासनाचा निर्णय झाला म्हणजे खटला संपला असे नाही. सरकारी वकिलाने कलम 360 खाली अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. तोवर तारखेला हजर राहावेच, नाहीतर वॉरंट निघते.

खटला प्रलंबित असताना कोणाला पासपोर्ट हवा असेल तर नुसता गुन्हा दाखल असणे आणि न्यायालयाने दखल घेतलेली असणे यात फरक आहे. दखल घेतली असेल तर त्याच न्यायालयाकडून परवानगीचा आदेश घ्यावा आणि त्यात किती वर्षांसाठी हे लिहून मागावे. निकाल लागला की प्रत्येक आरोपीने आपल्या नावाची प्रमाणित प्रत घ्यावी, एक प्रत ठाण्यात आणि एक जिल्हा विशेष शाखेत अर्जासोबत द्यावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. नोंद आपोआप दुरुस्त होत नाही. पुढच्या पडताळणीत तिथे अजून ‘न्यायप्रविष्ट’ लिहिलेले सापडते.